पुढे पिशवी, मागे दळण

वाड्यात सायकलचा स्टँड काढल्याचा खट्ट आवाज झाला, की वरच्या मजल्यावरची एक तरी खिडकी उघडायची. ‘बाहेर चाललायस का रे?’ हा प्रश्न नसायचा. बाहेर चाललाय हे दिसतच असायचं. ती नुसती प्रस्तावना. तिच्यामागून दुरुस्तीचा स्टोव्ह, पिकोला टाकायची साडी, वाचनालयात परत द्यायचं पुस्तक, रिकामी बरणी अशी एकेक वस्तू जिन्यावरून खाली उतरत यायची. ‘तू मंडईवरूनच जातोयस ना?’ असं विचारल्यावर, आपण पर्वतीला निघालो होतो हे सांगण्यात अर्थ नसायचा. सायकल असलेल्या माणसाच्या सगळ्या वाटा मंडईवरून जातात, हे पुण्याच्या पेठांमध्ये गृहीतच धरलेलं होतं.

१८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राईस नावाच्या गृहस्थांनी दोन चाकांचं, पायांनी ढकलायचं लाकडी यंत्र केलं. घोड्यावाचून माणसाला फिरता यावं, ही त्यामागची कल्पना. हेच यंत्र पुढे पायडल, चेन, रबरी टायर वगैरे अंगाला लावून आपल्याकडे आलं, तेव्हा आपण त्याची नेमणूक घोड्याच्या जागी केली नाही, गाढवाच्या जागी केली. आणि खरं सांगायचं तर ते त्या पदावर जास्त शोभलं.

म्हणूनच नवी सायकल घेताना ती किती वेगात जाते, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, वीस किलोच्या आसपास वजनाची ती सायकल. लुधियानाची हीरो असो, सोनिपतची ॲटलस असो की मद्रासची हर्क्युलिस, आडनावं वेगळी, घराणं एकच. दुकानातून ती जवळजवळ उघडीच मिळायची. स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर, कुलूप, घंटा, डायनामो हे सगळं पदरचे पैसे मोजून वेगळं बसवून घ्यायचं. तिथेच, दुकानासमोरच्या फुटपाथवर, घरातली बैठक भरायची. मुलाला डायनामो हवा असायचा, वडिलांना कुलूप, आईला कॅरिअर. पैसे दोनच गोष्टींपुरते असले तर डायनामो पडायचा. अंधारात धडपडलास तरी चालेल, रिकाम्या हातानं परत येऊन चालणार नाही, असा तो हिशेब.

कॅरिअरची रचना अगदी साधी. मागच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी नटानं आवळलेल्या सळ्या, वर सळ्यांचीच चौकट, आणि त्या चौकटीवर स्प्रिंगची क्लिप. वजन सरळ आसावर उतरतं, मडगार्डला त्रास नाही, सीटला त्रास नाही. इथवर सगळं शहाणपणाचं. घोळ होता तो क्लिपचा. आपला जोर कुठे लावावा, याचं तारतम्य या क्लिपला कधीच आलं नाही. दोनशेपानी वही तिच्यात ठेवली तर पुठ्ठ्यावर दोन खोल वळ उठायचे आणि तरीही वही अलका टॉकीजच्या चौकात पडायची. रेनकोट मात्र ती इतक्या निष्ठेनं धरायची, की पाऊस आल्यावर तो सुटायचाच नाही. सुटायचा तो पाऊस थांबल्यावर. बोट पकडण्यात तर तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. वाचनालयाचे जुने कर्मचारी परत आलेलं पुस्तक हातात घेतल्यावर आधी मलपृष्ठावर अंगठा फिरवून बघायचे. वळ लागले, की सभासद सायकलवाला.

क्लिपच्या सहवासात माणसाला फार लवकर कळायचं, की तिच्यात जे मावतं ते कुणी आणायला सांगत नाही, आणि जे आणायला सांगतात ते तिच्यात मावत नाही. खरं काम करायची ती जुन्या ट्यूबची पट्टी. पंक्चरवाल्याकडे मेलेल्या ट्यूबांचा ढीग पडलेला असायचा. त्यातली एक तो कात्रीनं लांबट कापून द्यायचा, बहुधा फुकट. तिच्या दोन्ही टोकांना सळईचे आकडे अडकवले, की झालं. जी ट्यूब उभ्या हयातीत साधी हवा धरून ठेवू शकली नाही, तीच निवृत्तीनंतर गव्हाचं पोतं, घडीची खाट, दुरुस्तीला चाललेला टेबलफॅन आणि एखाद्या वेळी कुरकुरणारा धाकटा भाऊसुद्धा गच्च धरून ठेवायची.

पण दळण. या विषयातला मुख्य पेपर तो.

दळणाचा डबा म्हणजे पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा, वरचं तोंड कापून, काठ ठोकून, कडी आणि झाकण बसवून घेतलेला. तो कॅरिअरपेक्षा रुंद असतो, हे त्याचं पहिलं वैशिष्ट्य. पट्टीनं कितीही आवळला तरी तो वळणावर आपलं स्वतंत्र मत मांडतोच. म्हणून दळण नेणाऱ्याचा एक हात हँडलवर आणि दुसरा मागे डब्यावर. एक हात मागे गेला, की एक ब्रेक गेला. वळायचं असेल तर हात दाखवायला हात उरत नाही, मग मुलगा ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला मान वेळावून ‘ए ए ए’ असं ओरडायचा. पेठेतल्या रहदारीला ही खूण पूर्णपणे परिचित होती. मोटारवालेसुद्धा थांबायचे, कारण डबा उलटला तर पीठ कुणाच्या बॉनेटवर येईल हे त्यांना कळत होतं.

जाताना गहू असतात. ते गार, जड आणि शहाण्यासारखे डब्याच्या तळाशी बसलेले. येताना त्याच वजनाचं पीठ असतं, पण ते मावेनासं झालेलं असतं. गव्हाचं पीठ झालं की ते फुलतं, जास्त जागा खातं, आणि घरून निघताना चार बोटं रिकामा असलेला डबा गिरणीतून काठोकाठ भरून बाहेर येतो. झाकण बसत नाही. गिरणीवाल्याला याचं काहीच वाटत नाही. तो झाकणाखाली वर्तमानपत्राचा कागद घालतो, वरून एक थाप मारतो आणि पुढचं दळण ओततो. तिथून घरापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यात तो डबा एक पांढरा सुस्कारा सोडतो आणि तो थेट सदऱ्याच्या पाठीवर येऊन बसतो. आमच्या आळीत मुलाची पाठ बघून रस्त्याची अवस्था सांगणारी माणसं होती. महापालिकेनं त्यांचा सल्ला घ्यायला हवा होता.

पीठ गरमही असतं. जानेवारीत ही ऊब कमरेला फार बरी वाटते. मे महिन्यात मात्र पुढून ऊन आणि मागून पीठ, अशा कात्रीत घरी यावं लागतं. घरी आल्यावर आई मुलाकडे बघत नाही, डब्यात बोट घालून पीठ चिमटीत घेते. ‘जाड दळलंय.’ आणि लगेच, ‘आधी कुणाचं दळत होते? ज्वारीवर तर नाही ना टाकलं?’ एका हातानं सायकल चालवत दहा किलो पीठ आणणाऱ्याचं कौतुक करण्याची पद्धत महाराष्ट्रात नाही.

कॅरिअर मागे असतं, त्यामुळे तिथे काय बिघडतंय ते निदान दिसत नाही. हँडलवरचं सगळं डोळ्यांदेखत घडतं. हँडलला पिशव्या लावायच्या तर दोन्हीकडे सारखं वजन हवं, एवढं शास्त्र सगळ्यांना माहीत असतं. पण भाजीला माहीत नसतं. डावीकडे दोन किलो बटाटे लावले, आता उजवीकडे काय? यादीत उरलेत कोथिंबीर, कढीपत्ता आणि आलं. मग महात्मा फुले मंडईच्या दारात उभं राहून निव्वळ समतोलापोटी खरेदी व्हायची. ‘दुधी कशाला आणलास? कुणी खात नाही घरात.’ ‘उजवीकडे कमी पडत होतं.’ हे उत्तर भौतिकशास्त्रात बरोबर होतं, पण स्वयंपाकघरात चालायचं नाही. अजूनही काही घरांतली मुलं आपण लहानपणी इतका दुधी का खाल्ला याचं कारण शोधत असतील, तर ते हे आहे.

शिवाय हँडलची पिशवी नुसती लटकत नाही, ती झुलते. सायकल हळू चालली, की तिचा झोका हँडलला वळवतो, हँडल पिशवीला झोका देतं, आणि थोड्याच वेळात सायकल कुठे जायचं हे बटाटे ठरवू लागतात. वेग वाढवला तर झोका थांबतो, पण गुडघा पिशवीवर आपटायला लागतो. टोमॅटो डाव्या गुडघ्याच्या बाजूला लावू नयेत, हे अनुभवी माणसं सांगत. उजव्याच्या बाजूला का चालतात, ते मात्र कुणी सांगत नसे. आणि पिशवीचा बंद एकदा का तारांमध्ये गेला, की चाक थांबतं, माणूस थांबत नाही.

लांब वस्तूंचा प्रकार निराळा. गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बांबू घेऊन जाणाऱ्या सायकली बघाव्यात. बांबूचं एक टोक हँडलच्याही पुढे दोन हात, दुसरं कॅरिअरच्या मागे तीन हात, मागच्या टोकाला लाल फडकं. म्हणजे मागून येणाऱ्याची काळजी घेतलेली असते. पुढच्यानं आपलं आपण बघायचं. रंगारी आणि वायरमन मंडळी शिडी नेताना स्वतःचं डोकं तिच्या दोन पायऱ्यांमधून बाहेर काढून ती खांद्यांवर घेतात. त्यामुळे मान वळवली की शिडी वळते आणि शिडी वळली की आजूबाजूचे चार लोक वाकतात. दोन सायकलस्वारांनी मिळून एक पाइप नेणं ही त्याहून वरची पायरी. सरळ रस्त्यावर फार देखणं दिसतं. पण चौक आला, की पुढच्याला वळायचं असतं, पाइपला नसतं, आणि मागच्याला काय करायचंय हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. मग दोघंही चौकाच्या मधोमध उतरून, पाइप खांद्यावर ठेवूनच, एकमेकांची अक्कल काढतात. वाहतूक पोलीसही मध्ये पडत नाही. मध्ये पाइप असतो.

पोलिसाचा खरा रस माणसांच्या वाहतुकीत. सायकलवर डबल सीट बसायला बंदी होती आणि अख्खं पुणे डबल सीट फिरत होतं. यातून एक सुसंस्कृत तोडगा निघाला. चौकाच्या अलीकडे मागचा टुणकन उतरायचा, पोलिसासमोरून सभ्यपणे चालत जायचा, आणि चौक ओलांडला की धावत येऊन पुन्हा कॅरिअरवर बसायचा. पोलीस हे सगळं पाहत असायचा. त्याचंही म्हणणं एवढंच असायचं, की माझ्या चौकात नको. पकडलंच, तर दंडाआधी चाकातली हवा सोडायची, ही त्याची आवडती शिक्षा. ती फार विचारपूर्वक निवडलेली होती. दोघांना चालायला तर लागायचंच, वर सायकलही हातात धरून न्यायला लागायची.

चालत्या सायकलच्या कॅरिअरवर मागून धावत येऊन एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसणं ही कला होती, आणि ती चालवणाऱ्याच्या पाठीत धक्का न देता जमणं ही त्या कलेची पदवी. नळीवर छोटी सीट बसवून त्यात धाकटं मूल, कॅरिअरवर सहावारीत आई, तिच्या मांडीवर फराळाचा डबा, हँडलला पाण्याची बाटली, आणि या सगळ्याच्या मध्ये उरलेल्या जागेत वडील. सारसबागेच्या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी अशी कुटुंबंच्या कुटुंबं दिसायची. वडिलांना स्वतःचे पाय फिरवण्यापुरती जागा मिळे, तेवढ्यावर ते समाधानी असत.

गणपतीच्या दिवसांत या प्रवासी वाहतुकीला धार्मिक तेज चढायचं. शनिवारवाड्यापाशी मूर्तींचे मांडव लागतात. तिथून मूर्ती घरी आणायची ती कॅरिअरला बांधून नाही. देवाला ट्यूबच्या पट्टीनं आवळणं कुणालाच पटण्यासारखं नाही. मग घरातलं वजनानं हलकं आणि आचरणानं बरं असं माणूस मागे बसायचं, डोक्यावर टोपी, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. म्हणजे बघा, ज्या देवाला स्वतःचं वाहन आहे, तो देव त्या वाहनासकट दुसऱ्या वाहनावर बसून चाललेला. त्या दिवशी मात्र पोलीस हवा सोडत नसे. उलट, शिट्टी वाजवून वाट करून देई.

ही सगळी हौशी मंडळी. ज्यांचं पोट कॅरिअरवर आहे त्यांचं काम बघितलं, की आपण उगाच दळणाच्या गमजा मारत होतो असं वाटतं. गवळ्याचंच घ्या. मागे दोन्ही बाजूंना आकड्यांवर दुधाचे कॅन, हँडलला किटल्या, कॅरिअरवर आणखी एक कॅन. आता सायकलवर चढायचं कसं? आपण सगळे उजवा पाय मागून टाकतो. मागे तर दूध. म्हणून गवळी सायकल ढकलत चार पावलं पळतो, डावा पाय पायडलवर ठेवतो आणि उजवा पाय गुडघ्यात दुमडून पुढून, नळीवरून, पलीकडे नेतो. धोतर नेसलेलं असतानाही. ऑलिंपिकमध्ये यापेक्षा सोप्या गोष्टींना पदकं मिळताना पाहिली आहेत. एकदा चढला की तो सहसा उतरत नाही. ओट्याला, कट्ट्याला, दिव्याच्या खांबाला पाय टेकून तिथूनच माप ओततो. खारी-बटरवाला आपली पत्र्याची ट्रंक कॅरिअरवर बांधून येतो आणि तिचं झाकण उघडलं, की अख्खं दुकान उघडतं. धारवाल्यानं तर ओझं आणि सायकल यातला भेदच मिटवलाय. तो सायकल घोडीवर चढवतो, मागच्या चाकावरून पट्टा नळीवरच्या सहाणेला जोडतो, सीटवर बसतो आणि जागच्या जागी पायडल मारत सुऱ्यांना धार लावतो. सायकल जितकी चालते तितकीच ती थांबलेली असते, आणि थांबते तेव्हाच कमावते.

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल सगळं जग बोलून झालंय. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय, डब्यांवरच्या खुणा, लोकलमधली लाकडी पेटी, विलायतेचे राजपुत्र भेटून गेले ते, सगळं. पण स्टेशनच्या बाहेर पडल्यावरची सायकल कुणी नीट बघत नाही. त्या हँडलवर इतके डबे कडीनं अडकवलेले असतात, की हँडल कुठे संपतं आणि कुणाची उसळ कुठे सुरू होते ते कळत नाही. आणि तरीही तो घंटी वाजवू शकतो. घंटी नेमकी कुठे आहे, हे त्याचं त्यालाच माहीत.

सगळ्यात देखणी लादलेली सायकल बघायची असेल, तर गोव्यात सकाळी लवकर उठावं लागतं; तिथे सुट्टीवर गेलेल्यांना हेच नेमकं जमत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. मागे कॅरिअरवर बांबूची भलीमोठी टोपली, तिच्यावर कापड किंवा निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. पों पों झालं की दारं उघडतात. टोपलीत पोई, उंडे, काट्रे, कांकणं. या टोपलीचं वैशिष्ट्य म्हणजे ती सायकलपेक्षा मोठी दिसते आणि तरी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर ताण दिसत नाही. पाव हलका असतो, हे त्याचं भाग्य. त्यानं दळण नेलेलं नाही.

आणि ज्यांना हे सगळं किरकोळ वाटतंय, त्यांच्यासाठी व्हिएतनाम. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंचांची समजूत अशी होती, की इतक्या डोंगराळ मुलखात शत्रूला रसद पोचवता येणार नाही. व्हिएतनामी लोकांनी हजारो सायकली काढल्या, फ्रेम मजबूत केली, हँडलला बांबू बांधून ते लांब केलं, सीटच्या जागी दुसरा बांबू उभा केला, आणि एकेका सायकलवर दोनशे किलोहून जास्त तांदूळ नि दारूगोळा लादून ती ढकलत जंगलातून नेली. त्यातल्या बऱ्याच सायकली मूळच्या फ्रेंच बनावटीच्या होत्या, ही त्यातली खास फोडणी. फ्रेंच सेनापतींनी तोफा मोजल्या, विमानं मोजली. कॅरिअर मोजायचं राहिलं. आमच्या वाड्यातल्या कुठल्याही काकूंनी त्यांना सांगितलं असतं, की सायकल असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि सायकलला तर नाहीच नाही.

अर्थात लोखंडही कुठेतरी हिशेब मागतंच. तो मागच्या चाकाच्या तारांमध्ये निघतो, आणि तोही फ्रीव्हीलच्या बाजूला आधी. त्या बाजूला फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात, त्यामुळे जादा ओझ्याचा पहिला बळी त्याच. एक तार तुटली की चाकाला आऊट येतो, आऊट आला की टायर मडगार्डला घासायला लागतो, आणि मग सायकल आळीत शिरली की आवाजावरून ती कुणाची ते कळतं. तार बदलायची तर फ्रीव्हील काढावं लागतं, आणि ते काढताना दुकानदार पान्ह्यावर लोंबकळत एकच प्रश्न विचारतो, ‘काय नेत होता हो?’ उत्तर त्याला ठाऊक असतं. कॅरिअरची डावी बाजू दबलेली असेल तर गॅस सिलिंडर, मधोमध खोलगट असेल तर दळण, आणि मागचं टोक खाली झुकलं असेल तर लग्न झालंय.

टोपली आपल्याकडे उशिरा आली आणि तीही मुलींच्या सायकलवर. लेडीबर्डच्या पुढे ती पांढरी किंवा गुलाबी जाळी दिसली, तेव्हा पुरुषवर्गानं तिची थट्टा केली. टोपलीत वस्तू टाकायची, बांधायची नाही, आवळायची नाही, पडेल म्हणून धास्तावायचंही नाही, हे इतकं सोपं काम मर्दानी असणं शक्यच नव्हतं. मग हळूहळू दादाची सायकल दारात तशीच राहायला लागली आणि दादा ताईच्या सायकलवरून मंडईत दिसू लागला. विचारलं तर म्हणायचा, माझी पंक्चर आहे. ती कित्येक वर्षं पंक्चर होती.

टोपलीचा दोष एकच, तिच्यात जे असतं ते जगाला दिसतं. कॅरिअरवरचं पोतं आपलं मन कुणाला सांगत नाही. टोपलीतून मात्र कारल्याचं टोक, औषधाची बाटली, निकालाचं पाकीट सगळं डोकावतं आणि कोपऱ्यावरच्या आजोबांना वाचायला मिळतं. २०१७ च्या डिसेंबरात पुण्यात ॲपवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा त्यांना पुढे अशाच टोपल्या होत्या. पुणेकरांनी सायकल किती वापरली हा वादाचा मुद्दा आहे, टोपली मात्र पहिल्या दिवसापासून वापरली. चहाचे कागदी कप, मक्याचं खाऊन झालेलं कणीस, निवडणुकीची पत्रकं. शहरात कचरापेट्या कमी आहेत अशी तक्रार वर्षानुवर्षं होती, ती त्या काही महिन्यांत जवळजवळ मिटली.

खेड्यात टोपलीचं नशीब बरं निघालं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. कागदोपत्री ती सायकल शाळेत जाण्यासाठी असते, आणि ती जातेही. जाताना दप्तर, येताना दप्तराच्या जागी मेथी आणि दप्तर पाठीवर. शाळा सुटल्यावर तीच सायकल भाऊ गिरणीवर नेतो, वडील शेतावर, आणि संध्याकाळी कॅरिअरवर गवताचा भारा चढतो. सरकारनं अनुदान एका मुलीला दिलं; शिकलं कोण ते निकालात कळतं, पण लाभार्थी कोण हे म्हशीला विचारावं.

नेदरलँड्समध्ये मुलाकडे राहून आलेले एक गृहस्थ सांगत होते, की तिथे उट्रेख्टच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावायची सोय आहे, आणि हे तिथे अर्धा तास कॅरिअर नसलेली सायकल शोधत फिरले. पुढे दुधाच्या क्रेटसारखे क्रेट, मागे कॅरिअर, त्यावर शेजारच्याची बायको. कुणी हवा सोडत नाही. ‘आपलंच आहे हो सगळं, फक्त रस्ते सपाट,’ असा त्यांनी निष्कर्ष काढला. दळण नेणाऱ्या माणसाला प्रगत देशाची ओळख अशीच पटते.

प्रगती उलटी झाली ती आपल्याकडे. सायकली परत आल्या त्या नाजूक होऊन. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये, असा आंतरराष्ट्रीय संघटनेला नियम करावा लागलाय. म्हणजे आता सायकलच आमच्या दळणापेक्षा हलकी. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, आणि कॅरिअर बसवायला भोकही नाही. सीटखाली चिमुकली पिशवी असते, तिच्यात एक ट्यूब आणि एक पान्हा. म्हणजे सायकल सामान नेते, पण फक्त स्वतःचं. बाकीच्यासाठी चालवणाऱ्याच्या टी-शर्टला पाठीमागे तीन खिसे शिवलेले असतात. दोनशे वर्षं खपून माणसानं ओझं सायकलवर ठेवलं होतं, ते उचलून पुन्हा स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि वर त्यासाठी घट्ट कपडे शिवून घेतले.

रविवारी सकाळी सिंहगडाहून उतरणारी अशी मंडळी डोणज्याच्या आसपास रस्त्याकडेला थांबलेली दिसतात. हेल्मेट, काळा चष्मा, बुटांना खालून क्लिपा. बायका पाट्या मांडून बसलेल्या असतात. कणसं, ताजी मेथी, हरभऱ्याचे घाटे, जो मोसम असेल ते. भाव स्वस्त, भाजी शेतातली, त्यामुळे मोह आवरत नाही. असाच एकजण मेथीच्या दोन जुड्या आणि सहा कणसं घेऊन बसला. पैसे दिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता हे ठेवायचं कुठे. मेथीची एक जुडी पाठीच्या मधल्या खिशात गेली, कणसं दोन्हीकडच्या खिशांत दोन-दोन, आणि एक जुडी नि दोन कणसं हातात उरली. विकणाऱ्या आजी हे सगळं शांतपणे बघत होत्या.

‘केवढ्याची म्हनायची ही गाडी?’

त्यानं जरा संकोचून, आवाज खाली आणून सांगितलं, ‘दीड लाखाच्या आसपास.’

आजींनी सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली, सीटखाली वाकून पाहिली.

‘दीड लाखात क्यारेज न्हाई दिलं व्हय रं तुला?’

आणि तो काही बोलायच्या आत त्यांनी पाटीखालची सुतळी ओढली, दाताला लावून तोडली, आणि उरलेली मेथी नि दोन कणसं त्या कार्बन फायबरच्या नळीला अशी आवळून बांधली, की ती सोडवायला त्याला घरी जाऊन कात्रीच घ्यावी लागली असणार.